ब्रिटनमधील जुन्या वेगवान मोटारसायकलींची वार्षिक तपासणी व तिचें दप्तर

१

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. पोथ्या, बखरी व सनदा यांत वावरणाऱ्या अभ्यासकास लोखंडी यंत्रांच्या तपासणीशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणीहि विचारील. परंतु संशोधकाचें काम वस्तूच्या जातीवरून ठरत नाहीं. ती वस्तु ज्या कागदांच्या आधारें ओळखली जाते त्या कागदांची पारख करणें हें त्याचें काम होय. ह्या दृष्टीनें पाहतां, ब्रिटनमध्यें इ. स. १९६० पासून चालू असलेली वाहनांची तपासणी व तिच्यांतून निर्माण झालेले कोट्यवधि दाखले हें विसाव्या शतकाचें एक मोठें दप्तरच आहे.

फौजेच्या हजिरीचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस ह्या दप्तराचें स्वरूप समजण्यास अडचण पडूं नये. अकबराच्या अमदानींत मनसबदारांच्या घोड्यांस डाग देत आणि स्वाराची व घोड्याची चेहरेपट्टी लिहून ठेवीत. हेतु हा कीं, हजिरीस दाखविलेला घोडाच मोहिमेवर यावा; उसना किंवा मरतुकडा घोडा पुढें करून सरकारची फसवणूक होऊं नये. ब्रिटिश तपासणींतहि वाहनाचा नंबर, सांगाड्यावर ठोकलेला आंकडा आणि चालीच्या घड्याळांतील मैल नोंदले जातात. घोड्याची जागा यंत्रानें घेतली. पण 'हें वाहन तेंच आहे काय, आणि चालण्यास लायक आहे काय' हे दोन प्रश्न तेच राहिले.

ह्या लेखांत दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. पहिली, जुन्या वेगवान मोटारसायकली ह्या तपासणींत कशा उतरतात. आणि दुसरी, जी वस्तु पुराणवस्तु म्हणून मान्य होते तिचीच कागदोपत्रीं नोंद नेमकी त्याच क्षणीं कशी थांबते. दुसरा मुद्दा संग्राहकांच्या विशेष महत्त्वाचा आहे.

२

तपासणीचा कायदेशीर पाया १९५६ च्या रोड ट्रॅफिक अॅक्टांत आहे. अंमल मात्र चार वर्षांनीं, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असतां, १२ सप्टेंबर १९६० रोजीं सुरू झाला. प्रारंभीं दहा वर्षांवरील वाहनें तपासणीस आणावयाचीं होतीं व ब्रेक, दिवे आणि हँडल एवढ्याच गोष्टी पाहिल्या जात. काहीं महिने ही तपासणी ऐच्छिक होती. फेब्रुवारी १९६१ मध्यें ती सक्तीची झाली. नापास होणाऱ्या वाहनांचें प्रमाण इतकें मोठें निघालें कीं, १९६१ सालच्या अखेरीसच दहा वर्षांची मर्यादा सातावर आणावी लागली, आणि एप्रिल १९६७ पासून ती तीन वर्षांवर आली. १९६८ सालीं टायरांची आणि १९७७ सालीं वळणदिवे, ब्रेकदिवा, हॉर्न व सायलेंसर यांची भर पडली.

ही तपासणी 'एम्. ओ. टी.' ह्या नांवानें ओळखली जाते. हीं मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट ह्या खात्याचीं आद्याक्षरें होत. तें खातें त्या नांवानें १९७० सालीं संपलें. पुढें कचेऱ्या बदलल्या, नांवें बदललीं, आणि २०१४ पासून हें काम डी. व्ही. एस्. ए. ह्या कचेरीकडे आलें. तरी लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें. वतनें गेलीं तरी देशमुख व कुळकर्णी हीं आडनांवें राहिलीं, त्यांतलाच हा प्रकार. नांवावरून संस्थेचा काल ठरवूं पाहणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

प्रत्यक्ष तपासणी सरकारी नोकर करीत नाहींत. सरकारनें अधिकार दिलेलीं खाजगी गॅरेजें ती करतात. निळ्या पाटीवरील तीन पांढरे त्रिकोण ही अशा गॅरेजाची खूण होय. जो तपासतो तोच पुढें दुरुस्तीहि करूं शकतो, ही ह्या पद्धतींतील उणीव पहिल्यापासून बोलली गेली आहे. म्हणूनच अपिलाची सोय ठेवलेली आहे आणि शुल्काची कमाल मर्यादाहि सरकारनेंच बांधली आहे. साइडकार नसलेल्या मोटारसायकलीस ती २९·६५ पौंड आहे. उत्तर आयर्लंडांत मात्र तपासणी सरकारी केंद्रांतच होते.

मोटारसायकलींचे दोन वर्ग केलेले आहेत: २०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पहिल्या वर्गांत व त्यापुढील दुसऱ्या वर्गांत. ज्या गाड्यांचा येथें विचार करावयाचा आहे त्या बहुतेक दुसऱ्या वर्गांतल्या होत.

३

तपासनीस गाडी उभी करून पुढचें चाक जमिनीवरून उचलतो आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवितो. मध्यभागीं खांच लागल्यासारखें तें अडखळलें तर बॉलरेसला खड्डे पडले असें समजावयाचें. मग फोर्क खालून धरून पुढें-मागें हलवितो. खटका जाणवला तर बॉलरेस सैल आहे. फोर्कच्या नळ्यांवरील मुलामा गंजून खरबरीत झाला असेल किंवा ऑईल सीलमधून तेल पाझरत असेल तर तोहि दोष. मागच्या चिमट्याचे बुश, चाकांचे बेअरिंग, स्पोक, दोन्ही चाकें एका रेषेंत आहेत कीं नाहींत, चेनचा ताण, सीट व पायदाणांची मजबुती, हॉर्नचा आवाज व पुढच्या दिव्याचा रोख हीं सर्व पाहिलीं जातात. टायरच्या रुंदीच्या तीन-चतुर्थांश भागांत निदान १ मिलिमीटर खोलीची नक्षी असावी लागते. ब्रेकची शक्ति फिरत्या रुळांवर किंवा वेगाची घट मोजणाऱ्या यंत्रानें पाहतात. दोन ब्रेकांपैकीं एकाची शक्ति निदान शेकडा ३० व दुसऱ्याची निदान शेकडा २५ भरली पाहिजे.

ह्या यादींत इंजिनाचें नांव नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. इंजिन, क्लच व गियर यांच्या कर्तबगारीची परीक्षा येथें होत नाहीं. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींच्या धुराची परीक्षा १९९१ पासून सुरू झाली, परंतु मोटारसायकलींस ती लागू नाहीं. ज्या गुणामुळें वेगवान गाडीची कीर्ति झाली तो गुण तपासणीच्या बाहेर आहे. ती गाडी कशी थांबते, कशी वळते व कशी दिसते एवढेंच पाहिलें जातें. म्हणून उत्तम इंजिनाची गाडी तेलाच्या एका ओघळामुळें परत पाठविली जाते, आणि थकलेल्या इंजिनाची गाडी निर्वेधपणें दाखला मिळविते.

जुन्या वेगवान गाड्यांचे स्थूलमानानें तीन थर पाडतां येतात, आणि प्रत्येक थराच्या व्याधी निराळ्या आहेत.

पहिला थर ब्रिटिश गाड्यांचा: स्टीव्हनेज येथें बनलेली व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो, १९६३ पर्यंत तयार होत असलेली बी. एस्. ए. गोल्ड स्टार, १९५९ सालची ट्रायम्फ बॉनव्हिल, १९६५ सालची व्हेलोसेट थ्रक्स्टन इत्यादि. यांचे ब्रेक ड्रमचे. त्यांच्याविषयीं आजचा स्वार साशंक असतो; पण ब्रेकशू नीट बसलेले असून तार योग्य ताणलेली असेल तर वर सांगितलेलें प्रमाण त्यांस जड जात नाहीं. यांस अडचण येते ती तेलाच्या गळतीची, चिमट्याच्या झिजलेल्या बुशांची आणि शर्यतीच्या हौसेनें बसविलेल्या आंखूड हँडलांची. हँडल पूर्ण वळविलें असतां हात टांकी व मूठ यांमध्यें चिमटूं लागला, तर गाडी नापास होते.

दुसरा थर १९६९ सालच्या होंडा सी. बी. ७५० पासून सुरू होतो. पुढच्या चाकास डिस्क ब्रेक देऊन मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ही पहिली गाडी मानतात. तिच्यामागून १९७२ सालची कावासाकी झेड-१ आली. डिस्क ब्रेक शक्तिमान खरा, परंतु बसून राहिलेल्या गाडींत त्याचे पिस्टन गंजून अडकतात आणि रबरी नळ्या तडकतात. ब्रिटनमध्यें हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात. तें ह्या थराच्या गाड्यांस विशेष बाधतें.

तिसरा थर १९८४ सालची कावासाकी जी. पी. झेड. ९०० आर, १९८५ सालची सुझुकी जी. एस्. एक्स्. आर. ७५० आणि त्यानंतरची १९९२ सालची होंडा फायरब्लेड, १९९४ सालची डुकाटी ९१६ यांचा. यांचें अंग प्लॅस्टिकच्या आवरणानें झांकलेलें असल्यामुळें दोष डोळ्यांस दिसत नाहींत. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या जोडदांड्यांचीं बेअरिंगें वंगणाच्या अभावीं आखडतात, आणि मालकास तें तपासनिसानें गाडी उचलून हलविल्यावरच कळतें. ह्या थरांतील गाड्यांचा दुसरा नेहमींचा दोष म्हणजे मूळ सायलेंसर काढून बसविलेला शर्यतीचा सायलेंसर होय.

तिन्ही थरांस समान अशी एक गोष्ट आहे. कमी चाल हें निर्दोषत्वाचें लक्षण नव्हे. वर्षांत शंभर मैल चाललेल्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर असते, पण रबर वाळून त्यास भेगा पडलेल्या असतात. ऑईल सील सुकलेले असतात. ब्रेक जागीं चिकटलेले असतात. रोज वापरांत असलेली गाडी झिजते, कोंडून ठेवलेली गाडी कुजते. वाळवी लागलेल्या दफ्तरांचा ज्यांस अनुभव आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको.

४

तपासणीचे नियम सर्व गाड्यांस सारखे नाहींत. पहिल्या वापराच्या तारखेप्रमाणें ते बदलतात. १ ऑगस्ट १९८६ पूर्वीं प्रथम वापरलेल्या मोटारसायकलीस वळणदिवे नसले तरी चालतें. १ एप्रिल १९८६ पूर्वींच्या गाडीचा ब्रेकदिवा दोहोंपैकीं एका ब्रेकानें लागला तरी पुरे. त्यानंतरच्या गाडीचा दोहोंनीं लागला पाहिजे. १ जानेवारी १९८५ पासून पुढच्या गाडीच्या सायलेंसरवर तो रस्त्यावर वापरण्यासाठीं नाहीं असा शिक्का आढळल्यास ती नापास होते.

ह्यामुळें कालनिर्णय हा केवळ हौसेचा विषय राहत नाहीं. त्यावर पास-नापास अवलंबून असतें. जपानांतून किंवा अमेरिकेंतून मागाहून आणलेल्या गाडीची ब्रिटनमधील नोंदणीची तारीख व तिच्या घडणीची तारीख यांत पुष्कळ अंतर असूं शकतें. अशा वेळीं सांगाड्यावरील आंकडा व कारखान्याच्या नोंदी यांवरून वर्ष ठरवावें लागतें. पोथीच्या पुष्पिकेंतील शक नकलेचा कीं मूळ ग्रंथाचा, हा प्रश्न आपणांस ठाऊकच आहे.

५

आतां दाखल्यांकडे वळूं. २००५ पूर्वींचा दाखला हा हातानें भरलेला छापील कागद असे. त्यावर वाहनाचा नंबर, कंपनीचें नांव, गॅरेजाचा क्रमांक, देण्याची व मुदत संपण्याची तारीख आणि चालीचा आंकडा हीं असत. जुनी मुदत संपण्यापूर्वीं महिनाभरांत तपासणी केल्यास नवी मुदत जुनीच्या अखेरीपासून धरीत; तेव्हां दाखला बारा महिन्यांहून अधिक काळ चाले आणि त्यावर आधींच्या दाखल्याचा क्रमांक लिहावा लागे. म्हणजे एक कागद दुसऱ्याची साक्ष देतो. अशी सांखळी सलग दहा-वीस वर्षांची मिळाली तर त्या गाडीची जणु वंशावळच हातीं येते.

ही सांखळी तपासण्याची रीत साधी आहे. चालीचा आंकडा वर्षागणिक चढता असला पाहिजे. तो उतरला तर घड्याळ बदललें, मागें फिरविलें, किंवा पांच घरांचें घड्याळ ९९,९९९ वरून पुन्हां शून्यावर आलें, यांपैकीं एक कारण असलें पाहिजे. जेथें वर्षें गाळलेलीं दिसतात तेथें गाडी बंद होती असें अनुमान निघतें. गॅरेजांच्या क्रमांकांवरून ती कोणत्या गांवांतून कोणत्या गांवीं गेली हेंहि काढतां येतें. अक्षर, शाई व शिक्का यांची पारख येथेंहि तीच; कारण कोरे दाखले चोरीस जाण्याचे व बनावट दाखले विकले जाण्याचे प्रकार पुष्कळ झाले, आणि तपासणीचें काम संगणकावर नेण्याचें तें एक मुख्य कारण होतें.

ह्या दाखल्यांचें मोल कां वाढलें, तें समजण्यास नोंदणीच्या वह्यांची हकीकत पाहिली पाहिजे. पूर्वीं वाहनांची नोंदणी स्थानिक कौन्सिलांकडे असे. १९७० नंतरच्या दशकांत ती स्वान्सी येथें एकत्र झाली व कौन्सिलांच्या वह्या निरुपयोगी ठरल्या. कांहीं जिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत राहिल्या, कांहीं नष्ट झाल्या. ३० नोव्हेंबर १९८३ पर्यंत ज्या मालकांनीं आपली गाडी नव्या नोंदींत आणली नाहीं त्यांच्या गाड्यांचे मूळ नंबर रद्द झाले. पुढें १९९० मध्यें पुराव्यानिशीं मूळ नंबर परत मिळविण्याची वाट मोकळी झाली, आणि तेव्हां जुनें लॉगबुक किंवा कौन्सिलाच्या वहीचा उतारा यांस एकाएकीं किंमत आली. ज्यांनीं जुने कागद रद्दींत घातले नव्हते ते सुखी झाले.

२००५-०६ मध्यें तपासणीची नोंद संगणकावर गेली. तेव्हांपासून हातांतला कागद ही केवळ पोंच. अस्सल नोंद मध्यवर्ती साठ्यांत. ती कोणासहि वाहनाच्या नंबरावरून पाहतां येते: पास कीं नापास, नापासाचें कारण, चाल, आणि तपासनिसानें दिलेले सूचनेचे शेरे. २० मे २०१८ पासून दोषांची धोकादायक, मोठे व किरकोळ अशी प्रतवारीहि झाली. संशोधकास असें साधन क्वचितच लाभतें.

६

परंतु ह्याच २० मे २०१८ पासून दुसरा एक नियम अमलांत आला. त्यापूर्वीं १८ नोव्हेंबर २०१२ पासून १९६० पूर्वींच्या वाहनांस तपासणी माफ झाली होती. आतां प्रथम नोंदणीस चाळीस वर्षें झालेलें कोणतेंहि वाहन, मागील तीस वर्षांत त्याची मूळ घडण विशेष बदलली नसल्यास, माफीस पात्र ठरलें. ही मर्यादा सरकती आहे. १९८४ सालची जी. पी. झेड. २०२४ मध्यें आणि १९८५ सालची जी. एस्. एक्स्. आर. २०२५ मध्यें तिच्यांत आली. दर वर्षीं आणखी एका वर्षाच्या गाड्या येत राहतील. मालकानें गाडी रस्त्यावर चालविण्यास सुरक्षित ठेवलीच पाहिजे, ही जबाबदारी कायम आहे. हवी असल्यास तपासणीहि करून घेतां येते. सक्ती मात्र उरली नाहीं.

माफीच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे. अशा गाड्यांचे मालक त्यांची निगा सामान्य वाहनांहून अधिक राखतात व त्या थोड्याच मैल चालवितात. शिवाय तपासणी व मूळ स्वरूप यांत एक विरोध आहे. टायर, नळ्या, सील बदलल्यावांचून गाडी पास होत नाहीं, आणि बदलीत गेल्यानें मूळ वस्तु थोडी थोडी नाहींशी होते. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं देवळांचें काय होतें हें आपण पाहतों. तरी पण हा आक्षेप फार ताणूं नये. तपासनीस मूळ सायलेंसर काढावयास सांगत नाहीं. उलट शर्यतीचा परका सायलेंसरच त्यास खटकतो. टायर व सील हे झिजून बदलण्यासाठींच केलेले भाग होत. त्यांच्या बदलानें गाडीचें अस्सलपण जात नाहीं.

विरुद्ध बाजू संशोधकानें विशेष ध्यानीं घ्यावी. 'मूळ घडण बदललेली नाहीं' हें ठरवावयाचें कोणी? मालकानें स्वतःच्या सहीनें तसें जाहीर करावयाचें आहे. उदाहरणार्थ 'ट्रायटन' घ्या. नॉर्टन कंपनीचा फेदरबेड सांगाडा व ट्रायम्फचें इंजिन यांच्या मिलाफानें १९५० नंतर हौशी लोकांनीं ही गाडी घडविली. कोणत्याहि कारखान्यांत ती ह्या नांवानें जन्मली नाहीं. साठ सालच्या सुमारास जुळविलेली ट्रायटन आतां स्वतःच एक ऐतिहासिक वस्तु आहे. पण जुने भाग गोळा करून दहा वर्षांपूर्वीं जुळविलेली ट्रायटन पहिलीहून डोळ्यांनीं ओळखणें कठीण. दोन पोथ्यांचीं पानें एकत्र शिवून बनविलेल्या पोथीसारखी तिची स्थिति असते. कधीं शिवली हाच प्रश्न, आणि त्याचें उत्तर कागदच देऊं शकतो. सलग दाखल्यांची चळत असेल तर निर्णय लागतो. नसेल तर मालकाच्या शब्दावर विसंबावें लागतें.

आणि येथेंच व्यवस्थेंतील विसंगति उघड होते. गाडी सामान्य व स्वस्त असते तोंपर्यंत तिच्या प्रत्येक वर्षाच्या चालीची सरकारी नोंद होते. ती चाळीस वर्षांची होऊन तिचें मोल वाढूं लागतें, बनावटीचा लोभ सुरू होतो, त्याच वेळीं तटस्थ माणसानें केलेली वार्षिक नोंद बंद पडते. डाग देण्याची पद्धति घोडा मौल्यवान झाल्यावर सोडून द्यावी, तसें हें आहे.

७

आपल्या देशांत स्थिति निराळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें तपासणीनंतर ती पांच पांच वर्षांसाठीं वाढवितां येते. वार्षिक तपासणी नाहीं. जुलै २०२१ मध्यें पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी वाहनांसाठीं स्वतंत्र 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम निघाले. अशा वाहनांचा वापर प्रदर्शन, मेळावे, संशोधन अशा कारणांपुरता मर्यादित आहे. १९८३ मध्यें आलेली, यामाहा आर. डी. ३५० च्या धर्तीवर येथेंच घडविलेली राजदूत ३५० हिचे पुण्या-मुंबईकडे आजहि चाहते आहेत. तिचा पूर्ववृत्तान्त जुळविणाऱ्यास नोंदणीपुस्तक, कराच्या पावत्या व विम्याचे कागद एवढ्यांवरच भागवावें लागतें. ब्रिटनमधील सांखळीच्या मानानें हे दुवे तुटक आहेत. म्हणूनच ते जपणें अधिक अगत्याचें आहे.

८

वरील विवेचनाचें तात्पर्य असें. जुन्या वेगवान मोटारसायकली तपासणींत नापास होतात त्या वेगामुळें नव्हे, तर बहुतेक स्वस्थ बसल्यामुळें व अयोग्य बदलांमुळें. त्यांच्या दोषांवरून त्यांचा काल व वापर यांची अटकळ बांधतां येते. तपासणीचा दाखला हा केवळ परवाना नसून तारीख, स्थल व चाल यांनीं युक्त असें समकालीन आणि तटस्थ साधन आहे. चाळीस वर्षांनंतर हें साधन निर्माण होणें बंद होतें. तेव्हां जे मालक सक्ती नसतांहि दर वर्षीं तपासणी करून घेतात ते नकळत इतिहासाचेंच काम करीत आहेत, असें म्हणावें लागतें.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, गाडी विकत घेतांना तिच्याबरोबर आलेल्या पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा यंत्राइतकाच मोलाचा समजावा. तो फोडूं नये, त्यांतील चांगले दिसणारे दाखले निवडून बाकीचे टाकूं नयेत, आणि गाडी पुढें जाईल तेव्हां तो तिच्याबरोबरच जाऊं द्यावा. त्यांतहि नापासाचे कागद आवर्जून ठेवावेत. पासाचा दाखला गाडी लायक होती एवढेंच सांगतो. तिच्या अंगीं कोणता दोष होता व तो केव्हां काढला, हें नापासाच्या कागदावरूनच कळतें.